नकाशाच्या पानावरची नोंद

लिहिणारा पुस्तक लिहितो, छापणारा छापतो, विकत घेणारा कपाटात लावून ठेवतो. अथपासून इतिपर्यंत ते वाचणारं माणूस एकच असतं, ते म्हणजे सूची करणारं. ती मी. पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात नावं आणि पानांचे आकडे येतात ना, ती पानं मी चौतीस वर्षं करते आहे. लेखक मंडळींशी माझं फारसं जमत नाही. पुस्तक त्यांना पाठ असतं, पण त्यात काय काय आहे हे त्यांना मलाच विचारावं लागतं.

त्यातही लढायांवर लिहिणारे म्हणजे कहर. आमच्या शहरात अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी चार दिवस लढाई झाली. त्या चार दिवसांवर आजवर एकोणीस पुस्तकं आली आणि त्यातल्या सातांची सूची मी केली. कोणती तुकडी किती वाजता कोणत्या गल्लीच्या तोंडाशी होती, कोणत्या तोफेनं किती गोळे टाकले, पुलाच्या कठड्याला किती भोकं पडली, सगळं सांगतात. इतकं ठासून सांगतात की वाटावं, हे स्वतः कठड्यावर बसून भोकं मोजत होते. मी नाकं मुरडते, पण वाचते सगळं. एक ओळ सोडत नाही. कारण त्या लढाईत माझा दादा होता.

दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कालव्याच्या पुलावरच्या तुकडीत. लढाई संपल्यावर घरी कागद आला, त्यावर एकच शब्द होता, बेपत्ता. तिसऱ्या दिवशी दुपारी हजेरी झाली तेव्हा तो जागेवर नव्हता, असं त्याच्या तुकडीतले लोक सांगत. पळाला, असं आईच्या तोंडावर कोणी म्हटलं नाही. पण त्यांच्या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळत होतं. पुढे पुलापाशी दगड बसवला, त्यावर एकतीस नावं कोरली, त्यात दादाचं नव्हतं. आई एकदाच तिथे गेली. सगळी नावं बोटानं चाचपली, घरी आली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

आता खरं ते सांगते. दादा जागा सोडून आला होता हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कारण तो आमच्याच दाराशी आला होता.

तिसऱ्या दिवशीचे दुपारचे तीन वाजले होते. आई पाण्याच्या रांगेत गेली होती. बाबा आतल्या खोलीत तापानं बेशुद्ध होते. भिंतीभिंतीवर हुकूम चिकटवलेला होता: जागा सोडून आलेल्या शिपायाला जे घर आसरा देईल, त्या घरातल्या सगळ्यांना भिंतीशी उभं करू. मी पंधरा वर्षांची होते आणि तो हुकूम मला तोंडपाठ होता. दार वाजलं. मग दादाचा आवाज आला. "ढमे, मी आहे. उघड." मला चिडवताना तो ढमीच म्हणायचा. मी दाराशी गेले आणि उघडलं नाही. त्यानं तीनदा वाजवलं, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पावलं लांब गेली. आई पाणी घेऊन आली आणि तिनं विचारलं, "कोणी आलं होतं?" मी म्हटलं, "नाही." त्यानंतर ते उत्तर मी कधी बदललं नाही.

एकवीस वर्षांपूर्वी या लढाईवरचं पहिलं जाडजूड पुस्तक माझ्याकडे सूचीसाठी आलं, हिरव्या कापडी बांधणीचं. आईची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती. मला वाटलं, पूर्ण आंधळी व्हायच्या आत तिनं मुलाचं नाव एकदा तरी छापलेलं पाहावं. मग मी ते केलं, जे सूची करणाऱ्यानं कधीही करू नये. पुस्तकात नसलेलं नाव सूचीत घातलं. दादाचं नाव, आडनावासकट, आणि पुढे पान चारशे बारा.

चारशे बाराच का, तर त्या पानावर मजकूरच नव्हता. तिथे कालव्याच्या भागाचा पानभर नकाशा होता. मजकुराच्या पानाची नोंद खोटी असेल तर कोणीतरी ओळ न ओळ वाचून पकडतो. नकाशाच्या पानावर कोण काय शोधणार? आमच्या धंद्यातली ही लबाडी बाहेरच्याला सुचायचीसुद्धा नाही.

आईनं भिंग लावून ती ओळ वाचली. कितीतरी वेळ वाचत होती. मग तिनं चारशे बारावं पान काढायला लावलं आणि विचारलं, "यात तो कुठेय गं?" मी तिचं बोट धरलं आणि पुलावर टेकवलं. "इथे." ती रडली नाही. त्या दिवशी तिनं दोनदा वाढून घेतलं. मला वाटलं, पाप केलं असेल तर असो, फळ तरी गोड आहे.

पण इतिहास लिहिणारे पुस्तक वाचत नाहीत, सूची वाचतात. काही वर्षांनी आलेल्या पुस्तकात दादा पुलावर पडलेल्यांच्या यादीत होता. त्यापुढच्यात त्याला डाव्या कठड्याची जागा मिळाली. दर पुस्तकागणिक दादा अंगानं भरत चालला. मी मनातल्या मनात हसायचे. म्हणायचे, घ्या लेको, माझी एक ओळ घ्या आणि तिचे राजवाडे बांधा. मग एका पुस्तकात वाचलं की त्याच्या डाव्या बुटाला नाडीऐवजी सुतळी होती.

ती सुतळी मीच त्याला दिली होती. घरातून निघताना, पुड्याची सोडून. हे कोणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. मी स्वतःला समजावलं की शिपायांच्या बुटांना सुतळ्याच असायच्या, माझ्याच मनात चोर आहे. आणि ते पुस्तक कपाटात मागच्या रांगेत सारलं.

यंदा आलं तोफखान्याचं पुस्तक. तोफखाना हे लेखकाचं आमच्या छापखान्यातलं नाव. तो बोलायला लागला की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला अभियंता. त्यानं त्या चार दिवसांवर चौदाशे पानं लिहिली होती. पन्नास-पन्नास पानांचा एकेक गठ्ठा माझ्याकडे येत होता. आई आता पंच्याऐंशीची आहे आणि तिला काहीच दिसत नाही. पण नवा गठ्ठा आला की तिला वासानंच कळतं. सकाळी मी पानं वाचून सूचीसाठी नावांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि जेवणं झाली की तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा आमचा नेम होता. ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची, हात मांडीवर, आणि मधूनच म्हणायची, "त्या पलटणीला अजून कोणी पाणी दिलं नाही बघ."

पुस्तक तिसऱ्या दिवसात शिरलं आणि त्याची चाल मंदावली. आधी एका पानात तास जायचा. आता दोन मिनिटांना एक पान लागायला लागलं. पुलावर कोण खोकला, कोणी कोणाला काडी मागितली, सगळं येऊ लागलं. वाचताना माझा आवाज मला परका वाटायचा. आई मात्र खुर्चीत पुढे पुढे सरकत होती.

एकविसाव्या गठ्ठ्यात, सकाळी साडेनऊच्या उजेडात, हे आलं:

"दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी या सैनिकाने पुलावरील जागा सोडली. तीन वाजता तो गल्लीतील डावीकडच्या सातव्या घराशी पोहोचला. त्याने तीन वेळा दार वाजवले. आत एक मुलगी होती. कडी सैल असल्याने तिने उजव्या पायाचा चवडा दाराच्या खालच्या फळीला लावून धरला होता. तिच्या हातात ओला फडका होता. सैनिकाने तिला हाक मारली. तिने उत्तर दिले नाही. चार मिनिटे थांबून तो परत फिरला."

त्याच्या आधीच्या ओळीत नाव दादाचं होतं, पूर्ण, आडनावासकट. डावीकडचं सातवं घर म्हणजे हेच, ज्यात बसून मी वाचत होते. फडका बाबांच्या कपाळावर ठेवायचा होता. पायाचं तर मी स्वतःसुद्धा विसरले होते. वाचलं आणि टेबलाखाली माझा उजवा चवडा आपोआप ताणला गेला.

पुढे एकच परिच्छेद होता. "तीन वाजून पन्नास मिनिटांनी तो पुलावर आपल्या जागी परत हजर झाला. जागा सोडल्याबद्दल त्याला विचारायला तोवर कोणी अधिकारी उरला नव्हता. चार वाजून चाळीस मिनिटांनी, पूल शत्रूच्या हाती पडला तेव्हा, डावा कठडा धरून असलेल्या तिघांपैकी तो एक होता."

खाली तळटीप होती. आधार: हिरव्या पुस्तकाचं नाव, पान चारशे बारा.

मी हिरवं पुस्तक काढलं. भिंग घेतलं. एकवीस वर्षांत त्या नकाशाकडे मी नीट कधी पाहिलंच नव्हतं, नोंद टाकून मोकळी झाले होते. जाड रेघ आपल्या फौजेची, दुहेरी शत्रूची, चौकोन घरांचे, असं कोपऱ्यात लिहिलं होतं. आणि एक तुटक रेघ होती, केसासारखी बारीक, जिच्याबद्दल कोपऱ्यात अवाक्षर नव्हतं. ती पुलापासून निघून बाजाराच्या मागून आमच्या गल्लीत येत होती. सातव्या चौकोनाशी थांबत होती. आणि तशीच शेजारून परत पुलाकडे जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे. एकोणीस पुस्तकं मी पालथी घातली होती. सूचीत नाव मी घातलं होतं, पण रेघ मी घातली नव्हती.

मी तोफखान्याला फोन लावला. आकडे दोनदा चुकले.

"ते चारशे बाराचं होय?" तो ओरडला. "अहो, नकाशात आहे की! तुटक रेघ! तुमच्याच सूचीत त्या पानावर नाव सापडलं मला. म्हटलं, या बाई उगाच घालणाऱ्यातल्या नाहीत. मग घेतलं भिंग आणि लागलो रेघेच्या मागे."

"आणि दाराआडचं? तो पाय, तो फडका? ते कोणी सांगितलं तुम्हाला?"

पहिल्यांदाच मी त्याचा आवाज खाली आलेला ऐकला. फोन कानाला लावावा लागला.

"ते कोणी नाही सांगितलं," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी त्या चार दिवसांतच राहतोय, बाई. बायको म्हणते, तुम्ही जेवायला बसता तेसुद्धा पुलाकडे तोंड करून. ते पान लिहायला बसलो ना, तेव्हा मी रस्त्यावर नव्हतोच. दाराच्या आतल्या अंगाला होतो. ती मुलगी माझ्या इतकी जवळ होती की मी श्वास धरून लिहिलं. का? चुकलंय काही?"

"नाही," मी म्हटलं. "काही चुकलेलं नाही."

"मग राहू दे!" तो पुन्हा ओरडला आणि फोन ठेवला.

मी ते पान पुढ्यात घेऊन बसले. आईनं अठ्ठेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यात होतं. दादा पळाला नव्हता. तो परत गेला, जागेवर उभा राहिला आणि तिथेच पडला. माझी खोटी नोंद खरी निघाली होती. पण ती खरी ठरली ती मी दार उघडलं नाही म्हणून. उघडलं असतं तर तो परत गेला नसता. आम्ही सगळे भिंतीशी उभे राहिलो असतो, किंवा नसतोही. तो आज सदुसष्ट वर्षांचा असता, आईच्या औषधांवरून माझ्याशी भांडत. या दोन गोष्टी एकाच पानावर होत्या आणि मधे कात्री घालायला जागा नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी एकटी असूनही पदर तोंडावर घेतला.

मग मला लबाडी सुचली. सवय जात नाही. दाराचा परिच्छेद गाळायचा आणि थेट पुलावर जायचं. आंधळ्या बाईला काय कळणार?

जेवणं झाली. आई खुर्चीत बसली. मी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत वाचलं, मग पान बाजूला केलं आणि म्हटलं, "तीन वाजून पन्नास मिनिटांनी तो पुलावर आपल्या जागी..."

"थांब," आई म्हणाली. "दोन दहाला गेला आणि तीन पन्नासला आला. मधले जवळजवळ पावणेदोन तास कुठे होता?"

"पुस्तकात नाही दिलेलं."

"या माणसानं खोकलेलंसुद्धा लिहिलंय," आई म्हणाली. "मला फसवू नकोस. वाच."

मी वाचलं. दार, पाय, फडका, हाक, चार मिनिटं. एक शब्द बदलला नाही. मग पूल आणि डावा कठडाही वाचला.

"म्हणजे पळाला नव्हता," आई म्हणाली.

"नाही."

"घरी आला होता."

"हो." मग मला राहवलं नाही. "आई, ती मुलगी मी होते गं. मी त्याला उघडलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं."

आईनं मान माझ्याकडे वळवली. तिचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे लागलेले होते.

"घरात दुसरी मुलगी होती का?" ती म्हणाली. "माझं मेलीचं तुझ्या त्या 'नाही'वर कानात तेल घालून बसणं संपलं तेवढं आज. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा आला, तर ती म्हणाली, तो राहू दे, कालचंच वाच. तिसऱ्या दिवशीही तेच. छापखान्यातून फोन येत आहेत, सूची अडली आहे, चौथ्या दिवसाची लढाई गठ्ठ्यांत बांधलेली तशीच पडली आहे. आई म्हणते, शहर गेलं खड्ड्यात, पुढचं मला ठाऊक आहे. तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोसला असता. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, औषधाची वेळ विचारते, भाजीत मीठ कमी आहे म्हणते. फक्त ते पान दुपारी तीनच्या ठोक्याला सुरू झालं पाहिजे, असा तिचा हट्ट आहे.

पाचव्या दिवशी "त्याने तीन वेळा दार वाजवले" या वाक्याशी तिनं हात वर केला.

"थांब. वाजतंय."

"आई, काही वाजत नाहीये."

"वाजतंय गं. तुला कधी ऐकू आलं होतं? जा, उघड त्याला."

तिच्या आवाजात जराही चढ नव्हता. पाणी आण म्हणावं तसं म्हणाली. मी उठले, दाराशी गेले. दार तेच आहे. बाबांनी नंतर वरच्या फळ्या बदलल्या, खालची जुनीच आहे. काही वेळानं मी परत आले.

"उघडलंस?"

"उघडलं."

"मग?"

"कोणी नाही."

"उशीर झाला असेल," आई म्हणाली. "उद्या बघू. वाच पुढे."

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. रोज तीन वाजता ती हात वर करते, मी उठते, परत येऊन उघडलं म्हणून सांगते, आणि ती मान हलवते. खोटं सांगते मी. मी दारापर्यंत जाते, कडीला हात लावते, आणि माझा उजवा चवडा आपोआप खालच्या फळीला जाऊन घट्ट टेकतो. पलीकडे कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी अजून एकदाही दार उघडलेलं नाही.